काळ्या ठिपक्याचा मासा

फोटो फारसा चांगला आलेला नाही. डाव्या कोपऱ्यात माझ्याच बोटाची सावली आहे. पाणी हिरवट, मध्ये दगडाची एक कपार, आणि कपारीच्या तोंडाशी एक मासा आडवा थांबलेला. वीतभर लांबीचा. अंगावर पिवळसर रेघा, आणि पाठीच्या जरा खाली, शेपटीकडच्या बाजूला एक काळा ठिपका. कुणी शाईत बुडवलेलं बोट टेकवावं तसा.

डिसेंबरात मालवणला गेले होते तेव्हाचा हा फोटो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला पाण्याखाली खडकाळ तळ आहे, त्यावर प्रवाळाची गोलसर ढेकळं आहेत, मध्ये मध्ये वाळूचे पट्टे. खोली पाच मीटरच्या आसपास. या भागाला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. आमच्या होडीतल्या मुलाने पाण्यात बिस्किटं चुरली, तसे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे आमच्या तोंडासमोर झुंबड करून आले. सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळले. मला ते पाहवेना. समुद्रातल्या माशाला बिस्किटं लागत नाहीत, आणि बिस्किटावर जमलेला घोळका म्हणजे काही त्या खडपाचं खरं जगणं नव्हे. मी दोन हात मारून बाजूला झाले आणि कपारीपाशी थांबले. तिथे हा होता. बिस्किटांकडे त्याचं लक्षच नव्हतं. कल्ले हळूहळू उघडत-मिटत, एका जागी. माझ्याकडे त्याने पाहिलं असं मला वाटलं. मग मी पाय हलवला आणि तो कपारीत गेला.

दोन फोटो मिळाले. दुसरा पहिल्याहून धूसर.

संध्याकाळी मामाच्या पडवीत फोन त्याच्यापुढे धरला. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, आणि होडीवर गेलं, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून खाडीत पाग टाकण्यापुरताच उतरतो. मला वाटलं, बघताक्षणी नाव सांगेल. त्याने चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि विचारलं,

“ह्यो खय बगलंस?”

किल्ल्यामागे, म्हटलं.

“ता कळला. तळाक काय होतां? खडप काय रेव? पाण्याक ओढ होती? एकटोच होतो काय चार जण होते?”

मला यातलं निम्मंही सांगता येईना. मी नाव विचारत होते आणि तो मला पत्ता विचारत होता. थोडी चिडलेच मी. शेवटी म्हणाला, “तांबोशीच्या घरातलो आसा. पण तांबोशी न्हय.” आणि फोन परत दिला.

त्या रात्री जे पहिलं कळलं ते हे, की मामाचं ते एक वाक्य म्हणजे प्राणिशास्त्रातलं अख्खं एक कुळ. तांबोशीचं घर म्हणजे लुत्यानिडी. इंग्रजीत ज्यांना स्नॅपर म्हणतात ते. शंभरहून जास्त जाती, बहुतेक सगळ्या उष्ण समुद्रांतल्या, आणि त्यातल्या सत्तरएक एकट्या लुत्यानस या प्रजातीत. लुत्यानस हा शब्द लॅटिन वाटतो, पण तो मलय भाषेतला. तिकडच्या कोळ्यांच्या तोंडचं ‘इकान लुत्यांग’ हे नाव बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरने १७९० मध्ये उचललं आणि प्रजातीला लावलं. इकान म्हणजे मासा.

दुसऱ्या दिवशी मामी मला बाजारात घेऊन गेली. तांबोशी हातात घेऊन बघायची होती. मासेवालीने एक दोन किलोची काढून दिली आणि मी ती गिऱ्हाईक बघतं तशी न बघता, तिच्या तोंडात बोट घालून बघू लागले. मामीला लाज वाटली असावी, पण मासेवालीला मजा वाटली. तिनेच मला शिकवलं. जबड्याच्या पुढच्या बाजूला कुत्र्यासारखे सुळे. “गरीवरसून काढताना बोटाक लागलो तर रगत येता,” ती म्हणाली. स्नॅपर हे नाव याच कचकन मिटणाऱ्या जबड्यावरून पडलेलं आहे. मग तिने तोंड मिटून दाखवलं. वरच्या जबड्याचं हाड डोळ्याखालच्या हाडाच्या आत सरकलं, कपाटाचा सरकता दरवाजा सरकावा तसं. ही या कुळाची खूण मी आदल्या रात्री वाचली होती, पण वाचून ती कळली नव्हती. पाठीवरचा पर एकसंध. पुढचा भाग दहा टोचऱ्या काट्यांचा, मागचा मऊ. पोटाखालच्या मागच्या पराला तीन काटे. मी मोजले. मासेवालीने माझ्याबरोबर मोजले. तिने आजवर हजारो तांबोश्या कापल्या असतील, काटे मोजायचं काम मात्र तिला पहिल्यांदाच पडलं, असं ती म्हणाली.

तर कपारीतला तो मासा कुळाने स्नॅपर, हे ठरलं. डोक्याचा उतार, जबडा, पराची ठेवण, सगळं जुळत होतं. आता ठिपका.

काळा ठिपका असणारे स्नॅपर एक-दोन नाहीत, बरेच आहेत, आणि ते एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात. हिंदी महासागराच्या आपल्या बाजूला विचार करण्यासारखे चार. पहिला लुत्यानस जॉनी. त्याच्या प्रत्येक खवल्यावर गडद टिंब असतं, त्यामुळे अंगभर टिंबांच्या ओळी दिसतात. माझ्या माशावर टिंबं नव्हती, सलग रेघा होत्या. जॉनी बाद. दुसरा एरेनबर्गी. त्याच्या पिवळ्या रेघा बारीक, चार-पाचच, आणि पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी पार्श्वरेषेला समांतर जातात. पार्श्वरेषा म्हणजे माशाच्या कुशीवरून कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेली, शिवणीसारखी दिसणारी रेघ. तिच्यातून त्याला पाण्याची थरथर कळते. फोटो मोठा करून करून मी रेघा मोजल्या. सहा तरी होत्याच, बहुधा सात. एरेनबर्गीही गेला.

उरले दोन. फुल्विफ्लामा आणि रसेली. दोघांनाही ठिपका, दोघांनाही रेघा, दोघेही प्रवाळात आणि खडपात राहणारे. फरक एकच भरवशाचा. रसेलीचा ठिपका पार्श्वरेषेच्या बराचसा वर बसतो. फुल्विफ्लामाचा रेषेवरच बसतो, रेषा त्याच्यातून आरपार जाते. आणि माझ्या फोटोत नेमकी त्या जागी पार्श्वरेषा दिसत नव्हती.

इथे मी अडकले ते मार्चपर्यंत. ऑफिसमध्ये, लोकलमध्ये, दूध उतू जाईपर्यंत मी तो फोटो बोटांनी ताणत बसायची. या काळात मासा जवळ आला नाही, पण त्याला नाव देणारी माणसं मात्र जवळ आली.

रसेली हे नाव ज्या पॅट्रिक रसेलचं, तो म्हणजे आपल्या घोणसाला इंग्रजीत ज्याच्या नावाने ओळखतात तोच. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला डॉक्टर. सापांइतकाच माशांवर जीव. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरच्या दोनशे माशांची चित्रं आणि वर्णनं असलेला त्याचा ग्रंथ १८०३ मध्ये निघाला. पुढे १८४९ मध्ये ब्लीकर या डच मत्स्यशास्त्रज्ञाने या ठिपकेवाल्या माशाला त्याचं नाव दिलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१३ मध्ये अ‍ॅलन, व्हाइट आणि अर्डमन या तिघा मत्स्यशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हिंदी महासागरातला आणि पश्चिम पॅसिफिकमधला ‘रसेली’ हे दोन वेगळे मासे आहेत. रसेली हे नाव पॅसिफिककडच्या माशाकडे राहिलं. आपल्याकडच्याला नवं नाव मिळालं, लुत्यानस इंडिकस. म्हणजे २०१३ आधीच्या आपल्या पुस्तकांत, आपल्या किनाऱ्याच्या याद्यांत जिथे रसेली लिहिलंय, तिथे बहुतेक ठिकाणी आता इंडिकस वाचायचं. विशाखापट्टणमला ज्याने उभं राहून मासे पाहिले, त्याचं नाव त्याच्याच किनाऱ्यावरून उठून पलीकडच्या समुद्रात गेलं. मला याची चुटपुट लागली, पण मामाचा प्रश्नही आठवला. मासे दोन आहेत हे कळायला रेघा आणि रंग लागलेच, पण आधी कुणाला तरी ‘हा खय, तो खय’ असं विचारावंसं वाटलं असणार.

जॉनीचं नावही असंच. तो जॉन म्हणजे तरंगमपाडीच्या डॅनिश वसाहतीतला मिशनरी, ख्रिस्टोफ सॅम्युएल जॉन. तो तिथले मासे जमवून बर्लिनला ब्लॉखकडे पाठवायचा. ब्लॉखने ते नाव दिलं १७९२ मध्ये.

पण ज्या गोष्टीने माझी झोप घालवली ती फुल्विफ्लामाची. शब्दाचा अर्थ पिंगट ज्योत. हे नाव पीटर फोर्सकोलचं. आमच्या तांबोशीचं शास्त्रीय नावही त्याचंच, अर्जेंटिमॅक्युलाटस, रुपेरी ठिपक्यांची. निळ्या पट्ट्यांच्या पिवळ्या स्नॅपरला कास्मिरा हे नावही त्याचं. ते वाचून कुणालाही काश्मीर आठवेल, पण ते तांबड्या समुद्रावरच्या अरबी बोलीतलं, तिथल्या कोळ्यांनी सांगितलेलं नाव. ही सगळी नावं १७७५ सालची. आणि १७७५ साली फोर्सकोल जिवंत नव्हता.

डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात एक मोहीम पाठवली. फोर्सकोल तिच्यातला निसर्गअभ्यासक, जीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची रीत रुजवणाऱ्या लिनियसचा विद्यार्थी. तांबड्या समुद्राच्या काठाने जाताना तो मासे गोळा करी, आणि झाडाच्या फांद्या कागदात दाबून वाळवतात तशी माशाची अर्धी कातडी सोलून, दाबून, कागदाला चिकटवी. ती कागदावरची मासळी आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. १७६३ च्या जुलैत येमेनमध्ये यरीम या डोंगरातल्या गावी हिवतापाने तो गेला. वय एकतीस. त्याच्या आधी एक सोबती येमेनच्याच मोखा बंदरात वारलेला. उरलेले तापाने फणफणत जहाजावर चढले ते मुंबईला यायला. वाटेत मोहिमेतला चित्रकार गेला. मुंबईत पोचल्यावर काही महिन्यांनी, १७६४ च्या फेब्रुवारीत, मोहिमेतला डॉक्टर गेला. राहिला एकटा मोजणीदार, कार्स्टन नीबूर. तो सव्वा वर्ष मुंबईत राहिला, बरा झाला, घारापुरीला जाऊन लेण्यांची मापं घेऊन आला. मग आधी जहाजाने आणि पुढे जमिनीवरून परत निघाला, आणि १७६७ मध्ये कोपनहेगनला पोचल्यावर मित्राच्या टिपणांची जुळवाजुळव करून त्याने ती छापली.

मी घारापुरीला शाळेच्या सहलीत गेले आहे. त्या लेण्यांच्या भिंतीला फूटपट्टी लावणारा माणूस तेव्हा एका मेलेल्या मित्राचे कागद सांभाळत होता, आणि त्यात तांबोशी होती, हे कुणी मला सांगितलं असतं तर! ज्या धक्क्यांवर तांबोशी रोज उतरत असणार, त्याच शहरात तिच्या नावाचा जीव वाचला.

पुन्हा फोटोकडे. एका गोष्टीने मला फार फसवलं होतं, ती रंगाची. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. पाच मीटरवर काढलेल्या फोटोत लालाचा माग पुसट होतो, पिवळा टिकतो, निळा-हिरवा पसरतो. बाजारात तांबूस दिसणारी तांबोशी खडपात उभी असताना मातकट दिसते. दोनतीनशे मीटर खोल राहणारे काही स्नॅपर बाहेर काढल्यावर अंगार पेटल्यासारखे लालभडक असतात, पण त्यांच्या घरी लाल प्रकाश पोचतच नाही, म्हणून तिथे ते अंधाराच्याच रंगाचे. रंग माशाचा आणि पाण्याचा मिळून असतो. मासा काढून बर्फावर ठेवला की पाण्याचा वाटा निघून जातो.

मग कापून तुकडे केले की उरलंसुरलंही जातं. अमेरिकेत २००४ मध्ये दुकानांतल्या ‘रेड स्नॅपर’च्या तुकड्यांची डीएनए तपासणी झाली, ‘नेचर’मध्ये ती छापून आली. जवळजवळ तीन चतुर्थांश तुकडे भलत्याच माशांचे निघाले. न्यूझीलंडमध्ये तर ज्याला स्नॅपर म्हणतात तो या कुळातलाच नाही. आणि आपल्या मुंबईतल्या हॉटेलात रेड स्नॅपर म्हणून ताटात येतं ते काय असतं, हे मी आता ओळखायला जात नाही. जबडा गेला, पर गेले, ठिपका गेला, आणि कुठल्या पाण्यातला तेही गेलं. मग ओळखायचं कशावरून?

मार्चमध्ये पुस्तकं चाळताना तांबोशीच्या पिल्लाचं चित्र समोर आलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. राखाडी-तपकिरी अंग, त्यावर आठेक उभे पांढरट पट्टे, गालावर निळी रेघ. हे पिल्लू मला माहीत होतं.

सातआठ वर्षांची असेन. मे महिन्यात मामाबरोबर कर्ली खाडीत जायची. देवबागच्या बाजूला खाडीच्या कडेने कांदळवन होतं, ओहोटीला कांदळाची मुळं आठपायी कोळ्याच्या तंगड्यांसारखी उघडी पडत. मामा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पाग फेकायचा. पाग हवेत ताटासारखा उघडे आणि पाण्यावर पडताना बारीक पावसाचा आवाज येई. बाहेर काढला की चिखलात सुंगटं म्हणजे कोळंबी, शेवटं नावाचे मासे, खेकडे, आणि कधी एखादा पट्टेरी मासा. मला तोच हवा असायचा. मी बादलीत घालून घरी न्यायची, तो संध्याकाळपर्यंत मरायचा, मी रडायची. मी त्याला ‘झेब्रा’ म्हणत असे. एकदा मामाला विचारलं, ह्याचं खरं नाव काय? तो म्हणाला, “तांबोशीच ती. ल्हान आसा म्हणान तशी दिसता.” मला वाटलं पोराला गप्प करायला सांगतोय. तांबोशी घरी येत होतीच की. ती हातभर लांब, तांबूस, अंगावर एक पट्टा नाही, आणि ती समुद्रातून यायची. माझा झेब्रा खाडीतला होता.

पस्तीस वर्षांनी पुस्तकाने सांगितलं की मामा खरं बोलत होता.

तांबोशीचं आयुष्य असं. अंडी बाहेर समुद्रात. पिल्लं वाहत, पोहत खाडीच्या तोंडाशी येतात आणि आत शिरतात, कांदळवनात, कधी खाऱ्या पाण्याची हद्द ओलांडून नदीच्या गोड्या पाण्यापर्यंतही. मुळांच्या जाळीत मोठ्या तोंडाचा मासा शिरू शकत नाही, आणि कोळंबीचं पोर हवं तेवढं. तिथे वाढतात, वर्षांमागून वर्षं. अंगावरचे पट्टे विरतात, तांबूसपणा चढतो. मग एक दिवस खाडी पुरेनाशी होते आणि त्या बाहेरच्या खडपांकडे जातात, कधी शंभर मीटरहून खोल. तिथेच पुन्हा अंडी. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात एक पठार आहे, त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, त्यावर प्रवाळ. नकाशावर त्याचं नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. होडीतून तिथे काहीच दिसत नाही, नुसतं पाणी. कांदळाच्या मुळाशी चिखलात वाढलेल्या माशांची पुढची घरं अशी असतात.

म्हणून तांबोशी कुठे राहते याचं एका शब्दात उत्तर नाही. आणि पुलासाठी, जेटीसाठी, कोळंबीच्या तळ्यांसाठी एखाद्या खाडीतलं कांदळवन तोडतात तेव्हा मला त्याचा जो राग येतो त्याला आता चेहरा आहे. बादलीतला. तोडणाऱ्याला वाटतं तो चिखल साफ करतोय. होळीनंतर त्या वर्षी मी एका खाडीच्या पुलावरून गेले, दोन्ही बाजूंना मुळांचे बुंधे उभे होते आणि मध्ये भराव. बसमध्ये शेजारच्या बाईला मी सांगितलं, इथे तांबोशीची शाळा होती. तिने मान डोलावली. तिला ते कळलं असं मला खरंच वाटलं.

एप्रिलमध्ये पुन्हा मालवण. मामीने तांबोशीच्या डोक्याचं सार केलं होतं. आमच्याकडे डोकं हा मानाचा भाग, गालातलं मांस लोण्यासारखं. मामीने डोकं फोडताना एक पांढरा खडा बाजूला काढून माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा, एका बाजूला खाच. माशाच्या कानातला हा खडा त्याच्याबरोबर वाढतो, आणि कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं दिसतात. तांबोशी तीस वर्षं ओलांडते हे अशाच वलयांवरून कळलं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला राउली शोल्स या प्रवाळबेटांजवळ पकडलेल्या याच कुळातल्या एका माशाचं वय ८१ भरलं. मामाला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. “माज्यापरास म्हातारो?” म्हणाला, आणि खडा हातात घेऊन दिव्यापुढे धरून बसला.

जेवताना मंगळूरची गोष्टही निघाली. तिथे २०१६ मध्ये तांबड्या स्नॅपरची डोकी खाऊन माणसं आजारी पडली होती. ओठांना मुंग्या, गार वस्तू चटका दिल्यासारखी लागणं, उलट्या. या आजाराला सिग्वाटेरा म्हणतात. विष माशाचं स्वतःचं नसतं. मेलेल्या प्रवाळावर, शेवाळावर राहणारा एक सूक्ष्म एकपेशी जीव ते तयार करतो, शेवाळ खाणारा मासा ते घेतो, त्याला खाणारा स्नॅपर ते साठवतो. शिजवून जात नाही, खारवून जात नाही, चवीला कळत नाही. बोहर नावाचा स्नॅपर यात बदनाम आहे. डोळ्यापुढे नाकपुडीपर्यंत गेलेली खोल खाच ही त्याची खूण. पण तोच बोहर एका खडपावरचा निर्धोक आणि दुसऱ्या खडपावरचा विषारी असू शकतो. मामी ऐकत होती. म्हणाली, “म्हणान तुज्या मामान आधी इचारल्यान, खय गावलो.” आणि मला आणखी सार वाढलं. आमची तांबोशी समोरच्याच पाण्यातली होती, कुणाच्या होडीतून आली तेही तिला ठाऊक होतं.

त्या दुपारी पडवीत पडल्या पडल्या मी दुसरा फोटो उघडला, तो धूसर. चार महिने मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मासा वळताना काढलेला, डोकं कपारीत गेलेलं, शेपटी हललेली. पण वळताना कुशीवर तिरपा उजेड पडला होता, आणि पार्श्वरेषा चांदीच्या तारेसारखी चमकत होती. ठिपक्याच्या अलीकडे दिसत होती, पलीकडे दिसत होती. मधून गेली होती. आरपार.

पिंगट ज्योत. मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण मामाने झोपेतून विचारलं, काय झालां?

संध्याकाळी ओहोटी लागली तसा तो पाग खांद्यावर टाकून उठला. गुडघ्याला पट्टा बांधला. मी मागे चालू लागले. लहानपणची जागा मला ओळखू आली नाही, खाडीची कड सरकली आहे, पण कांदळ आहेत. तिसऱ्या फेकीला जाळ्यात सुंगटं आली, दोन शेवटं, आणि सहा बोटं लांबीचा एक मासा. मामाने तो ओल्या तळव्यावर घेऊन माझ्यापुढे धरला. पिवळ्या रेघा. काळा ठिपका. मी गुडघे टेकून बघितलं, रेषा ठिपक्यामधून जात होती. समुद्राच्या बाजूला किल्ल्यामागे कपारीत उभा होता त्याचंच हे पोर, चिखलातलं. हेही लहानपण खाडीत काढतात, तांबोशीसारखंच.

“काय तो?” मामाने विचारलं. मी नाव सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही, सोडून दिलं. मग मासा पाण्यात टेकवला आणि बोटं उघडली. क्षणभर तो तळव्यावरच थांबला, मग मुळांच्या दिशेने गेला.

मी वही काढली. मामा पाग पिळत होता.

“ह्यो खय गावलो म्हणान लिवतलंस?”

कर्ली खाडी, देवबाग, मी वाचून दाखवलं. कांदळाच्या मुळाशी, चिखलात, मांडीभर पाणी, ओहोटी लागताना.

“एकटोच होतो,” मामा म्हणाला. “ताय लिव.”